अचाट वीर आणि त्यांचे परीक्षक

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हंसूं आलें असेल. साठी उलटलेल्या, जुन्या मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या आणि सारा जन्म सातवीच्या वर्गाला मराठी शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें अमेरिकेंतल्या उडत्या वीरांच्या चित्रपटांविषयीं काय बोलावें? त्यांतहि त्या चित्रपटांवर टीका करणाऱ्यांचीच परीक्षा पाहावयास निघावें, हा तर शुद्ध अव्यापारेषु व्यापार! परंतु या विषयाशीं माझा संबंध जडला तो घरांतूनच. आणि तो कसा जडला हें सांगितलें म्हणजे माझ्या धार्ष्ट्याची आपण थोडीबहुत क्षमा कराल अशी आशा आहे.

२०२१ च्या दिवाळीची गोष्ट. महामारीमुळें दीर्घकाळ बंद असलेलीं महाराष्ट्रांतलीं चित्रपटगृहें २२ ऑक्टोबरला निम्म्या आसनांनिशीं उघडलीं होतीं, आणि ५ नोव्हेंबरला ‘इटर्नल्स’ नांवाचा चित्रपट लागला. सुपरहीरो म्हणजे अचाट सामर्थ्याचे वीर ज्यांत असतात अशा चित्रपटांपैकींच हा एक. माझा नातू त्या वेळीं नऊ वर्षांचा होता. इतके महिने घरांत कोंडलेलें तें पोर. त्याचें मन मोडवेना, म्हणून त्याला घेऊन मी गेलों. चित्रपट दोन तास छत्तीस मिनिटांचा. त्यांत एक नव्हे, दोन नव्हेत, दहा वीर! बाबिलोन काय, गुप्तकालीन भारत काय, सगळा इतिहास त्यांच्या पायांखालून जातो. मध्येंच आपले हरीश पटेल एका वीराचे सोबती म्हणून दिसतात. तेवढ्यापुरता मी सांवरून बसलों. एरव्हीं मध्यंतरानंतर माझे डोळे दोनदां मिटले, हें कबूल केलें पाहिजे.

नातू मात्र पापणी न लववितां पाहत होता. घरीं येतांना तो सारा वेळ एकाच पात्राविषयीं बोलत होता. तिचें नांव मकारी. (आपल्याकडे त्या नांवाशेजारीं भलताच शब्द उभा आहे; पण तें असो.) ही मकारी विजेसारखी धांवते, आणि तिला ऐकूं येत नाहीं, ती हातांच्या खुणांनीं बोलते. तें काम करणारी लॉरेन रिडलॉफ ही नटीहि खरोखरच कर्णबधिर आहे. शाळा बंद होण्यापूर्वीं नातवाच्या वर्गांत कानाला यंत्र लावणारी एक मुलगी होती; मुलें तिला पकडापकडींत घेत नसत. “आजोबा, ती सगळ्यांत वेगानं पळते!” हें वाक्य त्यानें वाटेंत किती वेळां उच्चारलें, याची मीं मोजदाद केली नाहीं.

संध्याकाळीं त्याचा मोठा मावसभाऊ आला. त्यानें हातांतला फोन उघडून एक आंकडा दाखविला. तो पन्नासाच्या आंतला होता. पुढें तो शेंकडा ४७ वर स्थिरावला. जगांतल्या समीक्षकांनीं चित्रपट नापास केला आहे, असा त्याचा अर्थ त्यानें सांगितला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातू मला म्हणाला, “आजोबा, तो पिक्चर वाईट होता.” मीं विचारलें, “काय वाईट होतं रे?” त्याला सांगतां येईना. “वाईट होता, एवढंच.” मकारीचें नांवहि त्यानें काढलें नाहीं.

श्रोतेहो, समीक्षकानें कांहीं दोष दाखविले असते आणि ते मुलाला पटले असते, तर मीं आनंदच मानला असता. येथें तसें घडलें नाहीं. एका आंकड्यानें त्याचा कालचा आनंद काढून घेतला आणि त्याच्या जागीं कांहींच ठेविलें नाहीं. तेव्हांपासून हा आंकडा येतो कोठून, आणि ज्यांच्या नांवानें तो येतो त्या समीक्षकांवर विश्वास ठेवावा कीं नाहीं, याचा शोध घेण्याचा मला नाद लागला.

हा आंकडा ‘रॉटन टोमॅटोज’ नांवाच्या संकेतस्थळाचा. नासके टोमॅटो! वाईट नाटकाच्या पात्रांवर प्रेक्षक ते फेंकून मारीत, त्यावरून हें नांव. १९९८ मध्यें कॅलिफोर्नियांतल्या सेन्ह डुओंग या तरुणानें तें सुरू केलें. निरनिराळ्या समीक्षकांचे लेख गोळा करावयाचे, प्रत्येक लेख एकंदरींत अनुकूल कीं प्रतिकूल एवढेंच ठरवावयाचें, आणि शंभरांत अनुकूल किती हें छापावयाचें, अशी त्याची रीति आहे. साठ किंवा त्याहून अधिक असले तर चित्रपट ताजा, कमी असले तर नासका.

आतां परीक्षेचे पेपर तपासण्यांत ज्याचे केस पांढरे झाले, त्याच्या ध्यानांत यांतली गोम तत्काळ येईल. हे गुण नव्हेत. हा उत्तीर्णांचा शेंकडा आहे. समजा, शंभर परीक्षकांनीं एका उत्तरपत्रिकेला दहापैकीं सहा गुण दिले. बरी आहे, फार कांहीं विशेष नाहीं, असें सगळ्यांचें मत. तरी या हिशेबानें तिला शंभरांपैकीं शंभर! उलट दुसऱ्या उत्तरपत्रिकेला साठ परीक्षकांनीं दहापैकीं दहा दिले आणि चाळीस जणांनीं चार दिले, तिला साठ. वस्तुतः दुसरीची सरासरी साडेसातांच्या वर जाते. म्हणजे जी कोणाला दुखवीत नाहीं आणि कोणाला हालवीतहि नाहीं ती पहिली, आणि जिनें वाद माजविला ती काठावर पास. २०१२ च्या ‘दि ॲव्हेंजर्स’ या गाजलेल्या चित्रपटाला या स्थळावर नव्वदाहून अधिक शेंकडा मिळाला. पण ‘मेटाक्रिटिक’ या दुसऱ्या स्थळानें समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढली ती ६९ भरली. दोन्ही आंकडे खरे आहेत. फक्त आमच्या मावसभावाला ते दोन निराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत हें कोणी सांगितलें नव्हतें.

एवंच, आंकड्याला समीक्षकाचें मत समजणें हीच पहिली चूक. परंतु आंकडा बाजूला ठेविला तरी माणूस उरतोच. तो समीक्षक विश्वासार्ह आहे काय?

येथें मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगतांना आजहि संकोच वाटतो. वार्षिक परीक्षेंत निबंध होता ‘माझा आवडता ऋतु’. साठ-सत्तर उत्तरपत्रिका, निकालाची घाई आणि रात्रीची वेळ. “पावसाळा हा माझा आवडता ऋतु आहे,” या वाक्यानें सुरू होणारे पन्नासएक निबंध वाचून झाल्यावर त्याच वाक्याचा आणखी एक पुढें आला. मीं पहिल्या चार ओळी वाचल्या, खालच्या वरवर पाहिल्या आणि दहापैकीं चार गुण टाकले. त्याच गठ्ठ्यांत एकानें लिहिलें होतें, “मला एकहि ऋतु आवडत नाहीं.” मी एकदम जागा झालों, आणि त्याला आठ गुण देऊन मोकळा झालों. पुढें मे महिन्यांत त्या उत्तरपत्रिका सहज पुन्हां चाळीत असतां पहिल्या निबंधाच्या मध्यावर मला असें आढळलें कीं, त्या मुलीनें आपल्या गळक्या घराचें वर्णन केलें आहे: आई गळतीखालीं पितळेचें पातेलें, ॲल्युमिनियमचा डबा आणि मातीचें मडकें ठेवते, आणि प्रत्येकाचा आवाज निराळा असल्यामुळें अंधारांत पडल्या पडल्या कोणतें भांडें भरत आलें तें मला कळतें. असें वाक्य माझ्या साऱ्या नोकरींत मला दुसरें मिळालें नाहीं. आणि त्या आठ गुणवाल्या निबंधांत पहिल्या वाक्यानंतर कांहींहि नव्हतें! निकाल लागून गेला होता. त्या मुलीचे चार गुण चारच राहिले.

चित्रपटांचा नेमलेला समीक्षक वर्षाला शेंकड्यांनीं चित्रपट पाहतो. अचाट वीरांचे म्हणाल तर अलीकडे वर्षाला कित्येक मोठे चित्रपट येतातच. आणि शेवटच्या अर्ध्या तासांत शहर कोसळावयाचें, आकाशांतून प्रकाशाचा झोत यावयाचा, हें त्याला पाठ झालेलें असतें. तो प्रदर्शनाच्या आधींच, बहुधा आपल्यासारख्याच व्यावसायिकांबरोबर, चित्रपट पाहतो आणि लागलीच लेख देतो. ज्या मुलाचा तो पहिलाच चित्रपट आहे तें मूल त्याच्या शेजारीं बसलेलें नसतें. तेव्हां पन्नासाव्या पावसाळ्याला तो चार गुण देत असेल आणि “मला एकहि ऋतु आवडत नाहीं” म्हणणाऱ्याला आठ, तर मला त्याचें आश्चर्य वाटत नाहीं. मला त्याची लाज वाटते ती माझ्याच आठवणीनें.

तथापि याच गोष्टीची दुसरी बाजू आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या अतिपाहण्यानें समीक्षक कंटाळतो, त्याच पाहण्यानें त्याला आपलें कोणतें आणि उसनें कोणतें हें कळतें. २०१९ मध्यें ‘जोकर’ आला. त्याला व्हेनिसच्या महोत्सवांत सुवर्णसिंहाचें पारितोषिक मिळालें, वाकीन फीनिक्सला ऑस्कर मिळालें, आणि असा चित्रपट पूर्वीं झालाच नाहीं असें तरुण मंडळी म्हणूं लागली. अनेक समीक्षकांनीं मात्र शांतपणें दाखवून दिलें कीं, मार्टिन स्कॉर्सेसी यांचे ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आणि ‘दि किंग ऑफ कॉमेडी’ हे जुने चित्रपट यांत जागोजाग डोकावत आहेत. त्या दोहोंचा नायक रॉबर्ट डी नीरो हाच येथेंहि एका भूमिकेंत आहे. हें कळल्यानें चित्रपट वाईट ठरत नाहीं. पण दुसऱ्याच्या निबंधांतला परिच्छेद ओळखणें हें ज्यानें पुष्कळ निबंध वाचले त्यालाच साधतें.

याच स्कॉर्सेसींनीं त्याच वर्षीं मार्व्हल कंपनीच्या वीरपटांना सिनेमा म्हणतां येणार नाहीं, ते जत्रेंतल्या पाळण्यांच्या जातीचे आहेत, अशा आशयाचें मत दिलें आणि जगभर कल्लोळ उडाला. त्यांची योग्यता थोर. तरी जो लावणीला काव्यच मानीत नाहीं त्याच्याकडे लावणीचे पेपर तपासावयास देऊं नयेत, असें मी म्हणेन. ते समीक्षक नव्हेत, दिग्दर्शक आहेत, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे.

समीक्षक विकले गेलेले असतात, हा आक्षेप तर कानावर वारंवार येतो. २०१६ मध्यें ‘बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन’ आणि ‘सुइसाइड स्क्वॉड’ या वॉर्नर कंपनीच्या दोन्ही चित्रपटांना तिशीच्या आंत शेंकडा मिळाला, तेव्हां चाहत्यांनीं तें टोमॅटोंचें स्थळच बंद करावें म्हणून अर्ज काढला व त्यावर हजारों सह्या झाल्या. मार्व्हलची मालक असलेली डिस्ने कंपनी समीक्षकांना पैसे चारते, असा त्यांचा संशय. गंमत अशी कीं, त्या वर्षीं त्या स्थळाच्या मालकींत खुद्द वॉर्नरचाच वांटा होता! शिवाय त्याच वॉर्नरच्या ‘दि डार्क नाइट’ला २००८ मध्यें आणि ‘वंडर वुमन’ला २०१७ मध्यें नव्वदाच्या वर शेंकडा मिळाला, आणि आमचा ‘इटर्नल्स’, ज्याच्या दिग्दर्शिका क्लोई झाओ यांना त्याच वर्षीं ऑस्कर मिळालें होतें, तो डिस्नेचाच असूनहि ४७ वर आपटला. लांच देऊन कोणी ४७ विकत घेत नाहीं. छोट्या समीक्षकांना एका प्रसिद्धि-संस्थेनें पैसे दिल्याचें प्रकरण २०२३ मध्यें बाहेर आलें हें खरें. पण तें वीरपटांच्या संबंधांतलें नव्हतें, आणि त्यावरून सगळ्यांना एका माळेंत ओंवणें न्यायाचें नाहीं.

दुसरें एक उदाहरण या बाबतींत मला निर्णायक वाटतें. २०१७ चा ‘जस्टिस लीग’ हा चित्रपट झॅक स्नायडर यांनीं सुरू केला, पण कौटुंबिक आपत्तीमुळें ते दूर झाले व दुसऱ्यानें तो पुरा केला. समीक्षकांनीं त्याला सुमारें ४० शेंकडा दिला. ही मंडळी स्नायडरांचीं वैरी आहेत, अशी ओरड झाली. चाहत्यांनीं चार वर्षें नेट धरला. अखेर २०२१ मध्यें स्नायडरांच्या मूळ योजनेप्रमाणें चार तासांचा चित्रपट प्रसिद्ध झाला. त्याच समीक्षक-वर्गानें त्याला ७० च्या वर नेऊन बसविलें. चाहत्यांचा हट्ट योग्य होता, आणि तो योग्य होता हें त्या तथाकथित वैऱ्यांनींच मान्य केलें.

चाहत्यांविषयीं मात्र एक कटु गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. २०१२ मध्यें ‘दि डार्क नाइट राइझेस’विषयीं ज्या थोड्या समीक्षकांनीं प्रतिकूल लिहिलें, त्यांना जिवे मारण्यापर्यंतच्या धमक्या आल्या, शेवटीं त्या स्थळाला त्या चित्रपटाखालच्या वाचकांच्या प्रतिक्रिया बंद ठेवाव्या लागल्या. बहुतेकांनीं तर तोंवर चित्रपट पाहिलाहि नव्हता, कारण तो लागलाच नव्हता! न वाचलेल्या पुस्तकासाठीं मारामारी करणारा विद्यार्थी मला तरी कधीं भेटला नाहीं. ‘इटर्नल्स’लाहि प्रदर्शनापूर्वींच, त्यांत दोन पुरुषांचें कुटुंब दाखविलें आहे एवढ्यासाठीं, कित्येकांनीं नीच गुण देऊन ठेविले होते. समीक्षकाची चूक निदान पाहून झालेली चूक असते.

मग पैसा हा निकष धरावा काय? ‘व्हेनम’ या २०१८ च्या चित्रपटाला समीक्षकांनीं तिसाच्या आसपास ठेविलें आणि त्यानें जगभरांत ८५ कोटि डॉलरांहून अधिक कमाई केली. यावरून समीक्षकांना कांहीं कळत नाहीं असें ठरलें काय? ‘बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन’नें पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेंत सुमारें १६ कोटि ६० लाख डॉलर मिळविले, पण दुसऱ्या शनिवार-रविवारपर्यंत ती आवक शेंकडा ६९ नें घसरली. पहिल्या आठवड्याचें तिकीट जाहिरातीनें खपतें. दुसऱ्या आठवड्याचें, शेजाऱ्यानें काय सांगितलें त्यावर. आणि २०२४ मध्यें ‘जोकर’चा दुसरा भाग आला, तेव्हां समीक्षक, पहिल्या रात्रींचे प्रेक्षक आणि तिकिटांची पेटी या तिघांनींहि एकमुखानें नकार दिला. तात्पर्य, दोघांचें वैर समजतात तेवढें नाहीं.

माझ्यापुरतें मला समाधान मिळालें तें एका माणसाच्या लेखनांत. शिकागोच्या ‘सन-टाइम्स’ पत्राचे रॉजर ईबर्ट. २०१३ मध्यें ते निवर्तले. १९७५ मध्यें पुलित्झर पारितोषिक मिळविणारे ते पहिले चित्रपट-समीक्षक. १९७८ च्या ‘सुपरमॅन’ला त्यांनीं चारपैकीं चार तारे दिले. १९८९ च्या ‘बॅटमॅन’ला, सारें जग वेडें झालें असतां, दोन. २००२ च्या ‘स्पायडर-मॅन’ला अडीच, पण दोनच वर्षांनीं आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागाला पुन्हां चार. ‘थॉर’ला दीड. हे तारे नुसते पाहिले तर माणूस लहरी वाटेल. लेख वाचले म्हणजे कळतें कीं, ते प्रत्येक वेळीं एकच गोष्ट शोधीत आहेत: मुखवट्याच्या आंत कोणी माणूस आहे काय? ही त्यांची आवड एकदां ओळखली कीं, त्यांचें मत न पटतांहि उपयोगी पडतें. मला स्वतःला १९८९ च्या ‘बॅटमॅन’मधलें तें काळोखें शहर आवडलें होतें. ईबर्टनाहि तें शहर आवडलेंच होतें. शहर आहे पण माणसें नाहींत, एवढीच त्यांची तक्रार. आम्हां दोघांना एकच वस्तु दिसली. किंमत निराळी पडली. गांवांतल्या ज्या वैद्याला तिखट वर्ज्य असतें तो तुमच्या रश्श्याविषयीं काय म्हणेल हें जसें आधींच ठाऊक असतें, आणि तरीहि रस्सा करपला आहे असें त्यानें म्हटलें तर आपण पातेल्यांत डोकावून पाहतों, तसेंच हें.

म्हणून मी घरांत एक नियम केला. आंकडा पाहावयाचा नाहीं असें नव्हे. तो शेवटीं पाहावयाचा. आधीं चित्रपट, मग एखाददुसरा सबंध लेख, आणि मग वाटलें तर आंकडा. नातवाला हें प्रथम जाचक वाटलें. २०२५ च्या जुलैंत नवा ‘सुपरमॅन’ लागला तेव्हां तो तेरा वर्षांचा होता. चित्रपट पाहून आल्यावर तो तीन परीक्षणें घेऊन माझ्याजवळ बसला, आणि एका बाईंच्या लेखावर बोट ठेवून म्हणाला, “आजोबा, यांना मारामारी आवडतच नाही, ते जाऊं दे. पण कुत्र्याबद्दल त्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे.” मीं तो लेख वाचला. कुत्र्याबद्दल त्यांनीं खरोखरच बरोबर लिहिलें होतें.

त्यानंतरच्या एका सुटींत त्यानें ‘इटर्नल्स’ घरीं पुन्हां पाहिला. मी शेजारीं बसलों होतों; मध्यावर पुन्हां माझा डोळा लागला. जागा झालों तेव्हां चित्रपट संपला होता आणि तो वहीच्या पाठकोऱ्या पानावर कांहीं लिहीत होता. तें पान त्यानें मला दिलें. त्यावर तीनच वाक्यें होतीं: “दहा वीर फार झाले. सहा पुरले असते. पण मकारीला काढूं नये.”

संवयीनें माझा हात लाल पेन्सिलीकडे गेला होता. मीं ती परत ठेविली.